बढती हुकल्यावर: थांबायचं की निघायचं?

मी भूम तालुक्यातल्या ईटची. घरी खव्याची भट्टी, त्यामुळे दुधाशी नातं लहानपणापासूनचं. उदगीरच्या दुग्ध तंत्रज्ञान महाविद्यालयात शिकले आणि पुणे जिल्ह्यातल्या एका खासगी दूध प्रकल्पात केमिस्ट म्हणून लागले. काही वर्षांनी प्रयोगशाळेची प्रमुख झाले. मग उपव्यवस्थापकाची जागा निघाली. सेवेनं मीच ज्येष्ठ होते, कामाबद्दल कधी तक्रार नव्हती, आणि प्रकल्पातले लोक आधीपासूनच "मॅडम, पेढे कधी?" म्हणून विचारत होते. जागा दुसऱ्याला मिळाली.

त्यानंतर दोन प्रकारचे सल्ले मिळाले. गावाकडचे म्हणाले, "लागलेली नोकरी सोडू नको." आमच्या दुष्काळी पट्ट्यात महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या पगाराची किंमत फार मोठी असते, त्यामुळे हा सल्ला मायेचाच होता. पुण्यातल्या मैत्रिणी म्हणाल्या, "जिथे कदर नाही तिथे एक दिवस राहू नको." तोही मायेचाच. पण माझ्या प्रकल्पात काय घडलं आणि पुढे काय घडू शकतं, हे दोन्हीकडच्यांना माहीत नव्हतं. ते मलाच शोधावं लागलं. त्यातून जे हाती आलं ते इथे क्रमानं मांडते. नोकरी खासगी असो वा सरकारी, या वळणावर उभ्या असलेल्या कुणालाही त्यातलं काही उपयोगी पडेल अशी आशा आहे.

१. पुढचा पगार होईपर्यंत राजीनामा लिहू नका

बातमी कळली की मनात एकच वाक्य घोळत राहतं, "यांना दाखवूनच देते." त्या भरात लिहिलेला राजीनामा कार्यालय फार लवकर मंजूर करतं, आणि दाखवून द्यायला समोर कुणीच उरत नाही. मी स्वतःला एक बंधन घातलं. पुढचा पगार खात्यात जमा होईपर्यंत या विषयावर कुठलाही कागद लिहायचा नाही, कुणाला मेसेज करायचा नाही आणि चहाच्या टपरीवर चर्चा करायची नाही. काम मात्र रोजच्यासारखंच करायचं. टँकर आला की नमुना काढायचा, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅटव्यतिरिक्तचे घन घटक) तपासायचं, भेसळीच्या चाचण्या करायच्या. त्या दिवसांत कामात कसूर झाली असती, तर "म्हणूनच हिला घेतलं नाही" असं म्हणायला त्यांना आयतं कारण मिळालं असतं.

२. कारण विचारा, आणि समोर बसून विचारा

आपल्याकडे वरिष्ठांना असा प्रश्न विचारणं उद्धटपणाचं मानलं जातं. पण तो विचारण्याचा सभ्य मार्ग असतो. मी वेळ मागून घेतली आणि तीन प्रश्न विचारले. निवड कोणत्या निकषांवर झाली? त्यात मी कुठे कमी पडले? पुढची जागा निघेल तेव्हा माझा विचार व्हावा, यासाठी मी काय करायला हवं?

सरकारी नोकरीत या प्रश्नामागे कायद्याचं बळ आहे. बढती मिळणं हा हक्क नाही, पण पात्र असताना बढतीसाठी विचार होणं हा राज्यघटनेच्या सोळाव्या कलमातून येणारा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं वारंवार सांगितलं आहे. गोपनीय अहवालातला प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, शेरा वाईट नसून नुसता 'चांगला' असला तरीही, असा निकाल देवदत्त खटल्यात २००८ साली लागला. बढतीसाठी 'खूप चांगला' शेरा लागत असेल, तर 'चांगला' हा शेराही आड येतो, हे न्यायालयानं ओळखलं. म्हणून सरकारी कर्मचाऱ्यानं आपले अहवाल आणि ज्येष्ठता यादी वेळच्या वेळी पाहावी. ज्येष्ठता यादीवर हरकत घ्यायची मुदत एकदा गेली की नंतरचा संताप कामी येत नाही.

खासगी नोकरीत एवढं बळ नसतं, पण प्रश्न विचारायला कुणी अडवत नाही. मिळालेलं उत्तर त्याच संध्याकाळी तारीख घालून वहीत लिहून ठेवावं.

३. खरं कारण आणि खोटं कारण वेगळं करा

मला दोन कारणं मिळाली. पहिलं असं की, उपव्यवस्थापकाला प्रयोगशाळेपलीकडचंही सांभाळावं लागतं: गावोगावचं दूध संकलन, शीतकरण केंद्रं, बॉयलर, सांडपाण्याचा प्रकल्प, वाहतूकदारांशी भाव. संकलनाचा अनुभव मला नव्हता आणि ज्यांची निवड झाली त्यांना होता. हे कारण रास्त होतं. वरची जागा म्हणजे आताच्या कामाचं बक्षीस, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ते निराळं काम असतं आणि त्याची तयारीही निराळी करावी लागते.

दुसरं कारण जरा चाचरत सांगण्यात आलं. "तुमचं बाळ लहान आहे. रात्री-अपरात्री प्रकल्पावर यावं लागतं. तुम्हाला जमणार नाही असं वाटलं." हे मला कुणीही विचारलं नव्हतं. प्रसूती रजेवरून परतल्यापासून रात्रपाळीची माझी एकही वेळ चुकली नव्हती. मला नेमकं काय जमेल हे माझ्या वतीनं दुसऱ्यानं ठरवलं होतं.

ही दोन कारणं मनात एकत्र झाली की माणूस दोन टोकांना जातो. सगळाच अन्याय झाला असं म्हणतो, नाहीतर सगळा दोष स्वतःकडे घेतो. पहिल्या कारणावर काम करता येतं. दुसऱ्याला नाव देऊन ते मांडावं लागतं.

४. अन्यायाला नाव द्या आणि तो सभ्य शब्दांत नोंदवा

चोनिरा बेल्लिअप्पा मुथम्मा या भारतीय परराष्ट्र सेवेतल्या पहिल्या महिला अधिकारी. १९४९ साली त्या सेवेत आल्या. वरच्या श्रेणीसाठी त्यांना डावललं गेलं तेव्हा त्या थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. महिला अधिकाऱ्यानं लग्नापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी आणि संसारामुळे कामात अडथळा येतो असं सरकारला वाटलं तर तिला राजीनामा द्यायला सांगता यावं, असे नियम त्या वेळी होते. खटला चालू असतानाच सरकारनं त्यांना बढती दिली. १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी याचिका निकाली काढली, पण स्त्रियांविरुद्धच्या भेदभावावर त्यात कडक ताशेरे ओढले. मुथम्मांनी नोकरी सोडली नाही. नोकरीत राहूनच त्यांनी नियमाला आव्हान दिलं.

प्रत्येकीला न्यायालयात जाता येत नाही, आणि खासगी कंपनीतल्या अधिकारीपदासाठी तो रस्ता अरुंदच आहे. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे, तिथे दाद मागता येते. मी एवढंच केलं की व्यवस्थापनाला एक पानी पत्र लिहिलं. त्यात आरोप नव्हते. रात्रपाळीच्या माझ्या हजेरीची नोंद जोडली आणि पुढच्या वेळी माझ्या सोयी-गैरसोयीबद्दल मलाच विचारावं, अशी विनंती केली. त्या पत्रानं जागा मिळणार नव्हती. पण माझ्यानंतर रजेवरून परतलेल्या दोघींना "रात्रपाळी जमेल का?" असं थेट विचारण्यात आलं.

५. ज्याला जागा मिळाली त्याच्याशी वैर धरू नका

१९८३ साली लष्करप्रमुखपदासाठी लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा ज्येष्ठ होते. नेमणूक झाली ती जनरल अरुणकुमार वैद्य यांची. सिन्हांनी मुदतपूर्व निवृत्ती घेतली. वैद्य हे १९६५ आणि १९७१ अशा दोन्ही युद्धांत महावीरचक्र मिळवलेले सेनानी. त्यांच्या योग्यतेबद्दल कुणी शंका घ्यावी असं काही नव्हतं. म्हणजे एकाला डावललं गेलं याचा अर्थ दुसरा अपात्र होता, असा होत नाही. सिन्हा पुढे नेपाळमध्ये राजदूत झाले, नंतर आसाम आणि जम्मू-काश्मीरचे राज्यपाल.

मला हव्या असलेल्या जागेवर आलेले गृहस्थ कामाला चोख होते. निर्णय त्यांनी घेतला नव्हता. त्यांच्याशी सहकार्यानं वागायचं मी ठरवलं, आणि संकलनाबद्दल सर्वात जास्त मी त्यांच्याकडूनच शिकले. अबोला धरला असता तर ते शिकणं बुडालं असतं.

६. नेमकं काय हुकलं ते ठरवा: पगार, अधिकार की मान

हे तिन्ही 'बढती' या एकाच शब्दात येतं म्हणून आपण ते वेगळं करून बघत नाही. पगार कमी पडत असेल, तर बढतीशिवायही पगारवाढ मागता येते. राज्य सरकारी नोकरीत तर पद आणि वेतन काही अंशी वेगळं केलेलंच आहे. सुधारित सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजनेत १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर, अटी पूर्ण असतील तर, वरच्या पदाची जागा रिकामी नसली तरी वेतनाचा लाभ मिळतो. शिक्षकांना १२ वर्षांनी वरिष्ठ आणि २४ वर्षांनी निवडश्रेणी आहे. आणि बदली होईल म्हणून समोर आलेली पदोन्नती नाकारणारेही पुष्कळ आहेत. त्यांनी घर निवडलेलं असतं. त्यात कमीपणा नाही.

माझं म्हणाल तर, पगाराची फार तक्रार नव्हती. मान दुखावला होता, पण तो काही महिन्यांत सावरला. सावरलं नाही ते अधिकाराचं. दुधाचा एखादा टँकर नाकारावा असं माझा अहवाल सांगायचा आणि तो घ्यायचा की नाही हे दुसरं कुणी ठरवायचं. ते ठरवण्याची जबाबदारी मला हवी होती. हे कळल्यावर पुढचे प्रश्न सोपे झाले.

७. पैशांचा हिशेब कागदावर मांडा

मनातल्या मनात केलेला हिशेब नेहमी मनासारखाच निघतो. म्हणून कागद घ्या.

कायम नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षांची सेवा लागते. सूत्र सोपं आहे: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, त्याला २६ नं भागा, १५ नं गुणा आणि मग सेवेच्या वर्षांनी गुणा. मूळ पगार आणि भत्ता मिळून २६,००० असेल आणि सेवा १० वर्षं, तर दीड लाख होतात. पाच वर्षं भरायला थोडेच महिने उरले असतील तर ते महिने काढावेत. भविष्य निर्वाह निधी नोकरी बदलताना काढून घेऊ नये, नव्या खात्यात वळवावा. त्यातल्या निवृत्तिवेतन योजनेत मासिक पेन्शनला पात्र व्हायला १० वर्षांची सेवा लागते आणि मध्येच पैसे उचलले तर ती मोजणी तुटते.

सरकारी कर्मचाऱ्यांनी तर राजीनाम्याचा शब्द उच्चारण्याआधी नियम वाचावेत. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ प्रमाणे राजीनामा दिला की आधीची सेवा निवृत्तिवेतनासाठी जप्त होते. रीतसर परवानगी घेऊन दुसऱ्या सरकारी पदावर जाण्यासाठी दिलेला राजीनामा हा त्याला अपवाद. २० वर्षं झालेल्यांना तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. या दोन कागदांतला फरक म्हणजे उभ्या आयुष्याची कमाई. रागाच्या भरात चुकीचा कागद दिला तर ती परत येत नाही.

शिवाय घराचा हप्ता, आईवडिलांचा आरोग्य विमा कंपनीकडून असेल तर तो, मुलांची शाळा आणि नोटिशीच्या काळातला पगार. मी हे सगळं मांडलं आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत हलायचं नाही असं ठरवलं.

८. घरच्यांशी बोला, गावाची भीती बाळगू नका

गावात चारजण विचारतात, "साहेब झाली का पोरगी?" त्या प्रश्नाच्या धास्तीनं कुणी नोकरीत कुढत राहतं, तर कुणी ताडकन नोकरी सोडतं. दोन्ही निर्णय चारजणांसाठी घेतलेले असतात. हप्ता मात्र आपल्यालाच भरायचा असतो.

मी ईटला गेले तेव्हा माझे वडील, आण्णा, भट्टीवर होते. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "पोरी, दूध आटत असतंय तवर कढईपासनं हात काढायचा नाही, खाली लागतंय. अन् खवा गोळा झाल्यावर घटकाभर बी जाळावर ठेवायचा नाही, करपतोय. कधी उतरायची ते कढईकडं बघून ठरवायचं, गिऱ्हाइकाकडं बघून न्हाई." आण्णांनी थांब असंही सांगितलं नाही आणि निघ असंही नाही. काम कुठवर आलंय ते बघ, एवढंच सांगितलं. मला मिळालेला सर्वात नेमका सल्ला तोच होता.

९. थांबायचं ठरलं, तर काहीतरी करण्यासाठी थांबा

रामकृष्ण गोपाळ भांडारकर एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतचे हंगामी प्राध्यापक होते. जागा कायम करायची वेळ आली तेव्हा १८७३ मध्ये विलायतेहून आलेल्या पीटर पीटरसन यांची नेमणूक झाली आणि भांडारकर दुय्यम जागेवर राहिले. त्यांची विद्वत्ता तेव्हाही लोकांना ठाऊक होती. त्यांच्या संस्कृतच्या पाठ्यपुस्तकांवर शाळेतली मुलं शिकत होती. ते नोकरीत राहिले, पण त्यांनी काम वाढवलं. शिलालेख वाचले, १८७७ मध्ये विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानं दिली. संस्कृत हस्तलिखितांच्या शोधाचं सरकारी काम केलं. त्याच कामावर पीटरसनही होते आणि दोघांचेही अहवाल आजचे अभ्यासक वापरतात. पुढे डेक्कन कॉलेजात त्यांना प्राध्यापकपद मिळालं, १८८४ मध्ये दख्खनच्या प्राचीन इतिहासावरचा ग्रंथ आला, १८८५ मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठानं सन्माननीय डॉक्टरेट दिली. निवृत्तीनंतर ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९१७ साली पुण्यात त्यांच्या नावानं प्राच्यविद्या संशोधन मंदिर उभं राहिलं.

गुलामीच्या काळात, वर्णावरून डावललं गेल्यावरही त्यांनी स्वतःचं काम थांबवलं नाही. खुर्ची दुसऱ्याकडे गेली तरी विद्या त्यांच्याकडेच राहिली आणि वाढली. थांबणं असं असेल तर त्यात लाचारी नाही.

मीही तेच ठरवलं. प्रयोगशाळा सांभाळून संकलनाची जबाबदारी मागून घेतली. पहाटे केंद्रांवर गेले, शेतकऱ्यांच्या तक्रारी ऐकल्या. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा आकडा कागदावर किती सरळ दिसतो आणि चाऱ्याच्या टंचाईत तो गाठताना शेतकऱ्याची किती ओढाताण होते, हे तिथे कळलं. आमच्या भूम-वाशीकडचे शेतकरी दूध डेअरीला न घालता खव्याच्या भट्टीकडे का वळतात, त्याचाही नीट उलगडा झाला.

१०. वाट दिसते का, ते मुदत घालून तपासा

थांबताना मी मनाशी मुदत ठरवली: पुढच्या वार्षिक मूल्यमापनापर्यंत. आणि पाहायची गोष्ट एकच. मला सांगितलेली कमतरता मी भरून काढल्यावर माझा विचार होतो की नाही? नेमणूक माझीच झाली पाहिजे असा हट्ट नव्हता. मुलाखतीला बोलावतात का, एवढंच पाहायचं होतं.

त्या वर्षी दुसऱ्या प्रकल्पावर तशीच जागा निघाली. संकलनाचा अनुभव झाला होता, मूल्यमापन उत्तम होतं. मुलाखतीला बोलावलं नाही. कारण विचारलं तेव्हा या वेळी काहीच सांगता आलं नाही. पहिल्या वेळी कारण मिळालं होतं, म्हणून थांबण्याला अर्थ होता. कारणच नसेल तिथे सुधारणा कशात करणार? त्या दिवशी माझा निर्णय झाला, आणि राग जवळजवळ नव्हता.

११. निघताना कुठे जायचं ते ठरवून, नीट निघा

नवीन नेमणुकीचं पत्र हातात आल्याशिवाय राजीनामा दिला नाही. नवा प्रकल्प लहान होता, पगार थोडाच जास्त, पण टँकर स्वीकारण्या-नाकारण्याचा अंतिम अधिकार माझ्याकडे होता. मुलाखतीत जुन्या ठिकाणाबद्दल वाईट शब्द काढला नाही. नोटिशीचा पूर्ण काळ काम केलं, चाचण्यांच्या नोंदवह्या आणि उपकरणांच्या तपासणीच्या तारखा पुढच्या केमिस्टच्या हाती दिल्या, अनुभवाचा दाखला आणि हिशेबाचा कागद घेतला. आपल्याकडे दूधधंद्यातलं वर्तुळ फार लहान आहे. आजचा सहकारी उद्या कुठल्या तरी टेबलापलीकडे भेटतोच.

१२. निर्णय झाला की तो पुन्हा उकरू नका

माझ्याबरोबर डावललेला एक सहकारी तिथेच राहिला. त्याची आई आजारी होती, रुग्णालय जवळ होतं, मुलगा दहावीला होता. पाळी ठरलेली असल्यानं संध्याकाळी तो घरी असायचा. त्यानं पगारवाढ मागून घेतली आणि बढतीचा विषय मनातून काढून टाकला. त्याचा निर्णय माझ्या निर्णयाइतकाच बरोबर होता, कारण दोघांनीही आपापली कढई पाहून ठरवलं होतं.

आज मला कुणी विचारलं तर माझं उत्तर असं आहे. बढती हुकणं हे नोकरी सोडण्याचं पुरेसं कारण नाही, आणि पगार चालू असणं हे थांबण्याचं पुरेसं कारण नाही. आधी कारण विचारा, रास्त असेल ते स्वीकारून स्वतःला तयार करा, अन्याय असेल तो लिहून मांडा, हिशेब करा, मुदत घाला. त्या मुदतीत पुढची वाट दिसली तर मन लावून थांबा. नाही दिसली तर ताठ मानेनं निघा. दोन्हीकडे तुमचं काम तुमच्याबरोबर येतं, ते कुणाला काढून घेता येत नाही.